रडण्याच्या जागांचा नकाशा

चौकशीबाईंना पहिला प्रश्न विचारायची संधी आजवर एकाही पाहुण्याला मिळालेली नाही. पाहुणा लाँचच्या धक्क्यावरून चालत त्यांच्या लाकडी खोपट्यापाशी येतो, खिडकीवरची 'चौकशी' ही पाटी वाचतो, बोलायला तोंड उघडतो, तोच आतून सवाल येतो, "धाकटं किती वाजता उठतं हो तुमचं?"

पाहुणा गोंधळतो. मग सांगतो, सहाला. बाई मान हलवतात आणि पुढचं विचारतात. आजोबांचा कोणता गुडघा दुखतो? मोठीला गाडीत मळमळतं का? काल जेवताना कोण कोणावर चिडलं? एवढं झालं की बाई खुर्चीवरून उठतात, खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकतात आणि एकूणएक सगळ्यांचे बूट बघतात. कोरे करकरीत डोंगरी बूट घालून आलेला एखादा बाप असतोच. त्याला गोड आवाजात सांगतात, "तुम्ही आज बदकांच्या काठावर बसा. डोंगर परवा. आधी बुटांची नि पायांची ओळख तर होऊ दे."

लोक म्हणतात, बाई भोचक आहे. आहेच! त्यात खोटं काय? पण भोचकपणाचं असं सोनं करून दाखवा कोणी, मग बोला.

कारण सुट्टीचं काय असतं, बघा. माणसं हौसेने पोराबाळांना घेऊन डोंगरातल्या या तळ्याकाठच्या गावी येतात आणि पहिल्याच सकाळी भांडतात. बापाला डोंगर चढायचा असतो. आईला चार दिवस कोणीही हाक न मारता एका जागी बसायचं असतं. आजोबांना संडास कुठे आहे ते आधी कळायला हवं असतं आणि पोरांना बदकांपलीकडे कशात रस नसतो. ही सगळी वरात तोंडं फुगवून बाईंच्या खिडकीशी येते आणि अर्ध्या तासाने हसत निघते. आजोबांना बाई सांगतात, "डोंगर हळूहळू पायी चढा आणि येताना रोपवेने या. सगळे नेमकं उलट करतात. अहो, गुडघे चढताना कुठे बोंबलतात? उतरताना बोंबलतात."

पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक कुटुंबाला बाई एक नकाशा देतात. स्वतःच्या हाताने काढलेला, छापखान्यात त्याच्या प्रती काढलेल्या. त्यात धक्का आहे, बदकांचा काठ, पायडलच्या होड्या, बेट, रोपवे, डोंगरवाटेची वळणं, जुना दगडी पूल, आणि लाकडी खेळण्यांचा कारखाना, जिथे पोरांना कानशीने घासून आपली आपण छोटी होडी करता येते. नकाशाबरोबर बोटभर पेन्सिल. आणि अट एकच: पोर जिथे रडेल तिथे फुली करायची, जिथे हसेल तिथे गोल. संध्याकाळी नकाशा खिडकीत परत.

असे नकाशे बाईंच्या घरी माळ्यावर, बुटांच्या खोक्यांत, बावीस वर्षांचे साठलेत. त्यांना विचाराल तर सांगतील, डोंगरवाटेच्या तिसऱ्या वळणावर साडेअकराच्या सुमाराला सगळ्या जगाची पोरं रडतात. आता तिथे बाक आहे आणि पाण्याचा नळ आहे, तो बाईंनी गावच्या कचेरीच्या मागे लागून बसवून घेतलाय. कारखान्याच्या दारात फुल्या दिसायला लागल्या तेव्हा कळलं, करवतीच्या आवाजाला पोरं भितात. आता दारात कापसाचे बोळे मिळतात, कानात घालायला. बेटावरच्या फुल्यांनी मात्र बाई चक्रावल्या होत्या. एवढं सुंदर बेट, आणि पोरं रडतात? मग एकेका आईबापाला गाठून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. पोरं बेटावर गेल्याने रडत नव्हती, बेटावरून निघावं लागतं म्हणून रडत होती.

तेव्हापासून बाई सगळ्यांना ऐकवतात, "फुली कुठे पडली ते नकाशा सांगतो. का पडली ते माणसालाच विचारावं लागतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आणि धक्क्याचा कठडा! त्याची गोष्ट तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकावीच लागते. सगळ्यात पहिला नकाशा बाईंच्या लेकीचा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. त्याच वर्षी बाईंचा नवरा गेला होता आणि त्याच वर्षी ही खिडकीची नोकरी मिळाली होती. शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही, म्हणून लेक रोज खिडकीत बरोबर यायची. तिला गुंतवायला बाईंनी एक नकाशा काढून दिला, फुलीचा नि गोलाचा खेळ शिकवला. संध्याकाळी पाहतात तर फुली एकच, आणि तीही धक्क्यावर. धक्क्याच्या फळ्या तेव्हा ओल्या, शेवाळलेल्या असायच्या. पोर घसरून पडली असणार! बाईंनी तीन महिने कचेरीशी भांडून धक्क्याला कठडा करून घेतला. "त्यानंतर एक पोर पडलं नाही इथे," असं सांगताना त्यांची मान ताठ होते.

तर अशा या बाईंना यंदा सीझनच्या तोंडावर लेकीचा फोन आला.

लेक सपाटीवरच्या मोठ्या शहरात राहते. जावई लांब पल्ल्याच्या गाड्या चालवतो, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. लेकीची औषधांच्या दुकानातली पाळी बदलली होती आणि सात वर्षांच्या मुलीला सुट्टीत कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. आजवर लेक माहेरी आली ती सीझन संपल्यावरच, तीही दोन दिवसांसाठी. असं का, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

"तीन दिवस येऊन राहते," लेक म्हणाली. "तिला करमलं तर सुट्टीचे सहा आठवडे तुझ्याकडे ठेवीन. नाही करमलं तर इथे शिबिर आहे, त्यात नाव घालते. मग दर वर्षी तेच. तिला सारखं सारखं बदललेलं चालत नाही."

बाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसल्या. सहा आठवडे! दर वर्षी! नऊ वर्षांपूर्वी लेक लग्न होऊन गेली, तेव्हापासून वर्षातले ते दोन दिवस सोडले तर घरात दुसऱ्या माणसाची चप्पल नव्हती. त्यांना नात फार फार हवी होती.

शेजारच्या गाळ्यातल्या तिकीटमास्तरांना त्यांनी लगेच सांगून टाकलं. मास्तर म्हणाले, "तुम्हाला काय अवघड आहे? हजारो पोरं हसवलीत तुम्ही."

"तेच तर," बाई म्हणाल्या. "घरच्या पोराला नाही हसवता आलं, तर तोंड कुठे दाखवू?"

लेक आणि नात आल्या त्या दिवशी बाई बसथांब्यावर तासभर आधीच उभ्या. नातीला घरी भिंगरी म्हणतात, पण पोर कसली शांत! एका जागी उभी राहून सगळीकडे बघत राहते. बाईंनी तिचे बूट पाहिले. डावा बूट पुढून झिजलेला. म्हणजे सायकलला ब्रेक नाहीत, पायाने थांबवते. म्हणजे पायात जोर आहे. बाईंचा बेत तिथल्या तिथे तयार झाला. पहिल्या दिवशी पायडलची होडी, बेट, बदकं. दुसऱ्या दिवशी डोंगर, येताना रोपवे. तिसऱ्या दिवशी खेळण्यांचा कारखाना.

"आणि तू?" लेकीने विचारलं.

"मी आहेच की खिडकीत! ऐन सीझन आहे गं. डबा भरून देते, नकाशा देते, काही लागलं तर मी हाकेच्या अंतरावर आहे."

लेकीने पिशवी उचलली आणि घराकडे चालायला लागली.

पहिल्या सकाळी बाईंनी दोघींना धक्क्यावरून निरोप दिला. भिंगरीच्या हातात नकाशा, कानामागे पेन्सिल. बाईंनी खिडकीतून इतका वेळ हात हलवला की समोरचं कुटुंब ताटकळत राहिलं. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. एका आजीबाईंना त्यांनी चुकून दगडी पुलाऐवजी रोपवेला पाठवून दिलं.

संध्याकाळी नकाशा हातात आला. गोल दोन, पण अगदी बारीक, वाटाण्याएवढे. आणि एक फुली, चांगली ठसठशीत, कागद फाटेल इतकी दाबून काढलेली. धक्क्यावर!

"लागलं का कुठे?" बाईंनी नातीचे गुडघे पाहिले. खरचटलेलं नव्हतं. लेक खोल विहिरीत वाकून बघावं तशी आईकडे बघत होती, पण बाईंचं तिकडे लक्ष कुठे? त्या लगोलग विजेरी घेऊन धक्क्यावर गेल्या. एक फळी करकरत होती. हीच ती! सुताराला घरून उठवून आणलं आणि त्याच्याकडून चार खिळे ठोकून घेतले. मास्तर तिकिटांचा गठ्ठा बांधता बांधता म्हणाले, "बाई, पोरीलाच विचारा ना काय झालं ते."

"लहान आहे हो. तिला काय सांगता येणार?"

दुसऱ्या दिवशी डोंगर. पुन्हा डबा, पुन्हा नकाशा, पुन्हा खिडकीतून हात हलवणं. संध्याकाळी बाईंनी नकाशा अक्षरशः हिसकावून घेतला. तिसऱ्या वळणावर चक्क गोल! रोपवेत गोल! आणि धक्क्यावर पुन्हा फुली. कालच्यापेक्षा मोठी.

उद्याचा एकच दिवस हातात होता. लेक स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होती. "शिबिरात जागा आहे ना अजून? ... हो, उद्या संध्याकाळपर्यंत सांगते." बाईंनी ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. मग स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि सगळ्यात जुनं, दोरी बांधलेलं खोकं खाली काढलं.

"बस इथे," त्या लेकीला म्हणाल्या. "तुला दाखवते. मी काही हार मानलेली नाही."

टेबलावर त्यांनी पिवळा पडलेला नकाशा उलगडला आणि त्याच्याशेजारी भिंगरीचा आजचा नकाशा ठेवला. "ही बघ तुझी फुली. आणि ही हिची. एकाच जागी! बावीस वर्षं झाली, कठडा झाला, फळ्या बदलल्या, काल खिळे ठोकले. तरी पोर तिथेच घसरतं म्हणजे काय? उद्या सकाळी सगळ्या फळ्याच उचकटायला लावते सुताराला!"

लेक हसली. मग तिचं हसू मावळलं.

"आई, मी तिथे घसरले नव्हते."

"अगं, शेवाळ होतं तेव्हा. तुला आठवत नसेल."

"एकदाही नाही घसरले. तू म्हणालीस, रडू येईल तिथे फुली कर. मी तुझ्या खिडकीवर फुली केली. नकाशात तू खिडकी काढलीच नव्हतीस, म्हणून ती शेजारच्या धक्क्यावर आली."

बाईंनी नकाशाकडे पाहिलं. बदकं होती, बेट होतं, पूल होता. खिडकी खरंच नव्हती. बावीस वर्षांत ती काढायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

"रोज सकाळी तू सगळ्या जगाला विचारायचीस," लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण थांबतही नव्हता. "धाकटं किती वाजता उठतं, धाकट्याला काय आवडतं. मी तुझ्या पायाशी, खिडकीच्या फळीखाली बसून ऐकायचे. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मला वाटायचं, माझी पाळी कधी येणार? एकदा तरी ही मला विचारेल. तू कठडा बांधलास."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण बाईंची बाजूही ऐका, कारण ती त्यांनी त्या वेळी लेकीला सांगितली नाही, मनातल्या मनात सांगितली. त्यांना तेव्हाही ती फुली बघून काहीतरी कळलं होतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. उत्तर आलं असतं तर ऐन सीझनमध्ये खिडकी बंद करावी लागली असती, आणि खिडकी बंद केली असती तर घरातली चूल कशावर पेटणार होती? त्यापेक्षा कचेरीशी तीन महिने भांडणं सोपं होतं. ते त्यांनी केलं आणि त्यालाच माया म्हटलं. माया होतीच ती. पण पोरीला हवी होती ती नव्हे.

भिंगरी दाराच्या चौकटीला टेकून हे सगळं ऐकत होती. बाईंनी डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा बूट न बघता एका पोराला प्रश्न विचारला.

"आणि तू गं? तू का केलीस तिथे फुली?"

भिंगरीने थोडा विचार केला. "तू टाटा करतेस तेव्हा मला रडू येतं. आम्ही तुझ्याकडे आलोय, आणि तू रोज टाटाच करतेस."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिकीटमास्तर गाळा उघडायला आले तर शेजारच्या खिडकीला फळी लावलेली. फळीवर खडूने लिहिलेलं: "आज बंद. कुठे जायचं ते पोरांनाच विचारा." बावीस वर्षांत बाईंची खिडकी सीझनमध्ये एकदाच बंद होती, आणि तेव्हा त्यांना एकशे तीन ताप होता. मास्तर घाबरले. तेवढ्यात बाई लेकीला नि नातीला घेऊन समोरून चालत आल्या.

"बरं आहे ना बाई?"

"मला काही झालेलं नाही. तीन तिकिटं द्या. पायडलच्या होडीची."

"तुम्ही बसणार?" मास्तरांना हसू आवरेना. "बावीस वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्यात, आज एकदम खाली उतरलात?"

"तिकिटं द्या म्हटलं ना!"

झालं होतं असं, की सकाळी चहा ओतताना बाईंनी लेकीला विचारलं होतं, "तेव्हा तुला कुठे जायचं होतं?" लेक म्हणाली होती, "पायडलच्या होडीत. तुझ्याबरोबर. जाऊ दे, आता काय त्याचं." आणि बाई म्हणाल्या होत्या, "आताच त्याचं."

पण होडीत बसणं म्हणजे काय, हे हजारो लोकांना समजावून सांगितलेल्या बाईंना स्वतःला कुठे ठाऊक होतं? एक पाय होडीत आणि एक धक्क्यावर असताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीने हात धरून ओढलं. पुढच्या दोन जागांवर मायलेकी बसल्या, मागे भिंगरी नकाशा घेऊन. बाईंचे पाय जोरात चालत, लेकीचे मागे राहत. होडी पुढे जायची सोडून जागच्या जागी गिरक्या घ्यायला लागली. दोन बदकं त्यांना मागे टाकून निघून गेली.

"आजी, तू सगळ्यांना सांगतेस ना कसं चालवायचं ते?" भिंगरीने विचारलं.

"सांगते. चुकीचं सांगते असं दिसतंय."

लेक इतकी हसली की तिला पायडल मारता येईना.

हळूहळू जमलं. होडी काठापासून लांब आली. बाईंनी मागे वळून पाहिलं. पाण्यातून त्यांनी आपली खिडकी कधी पाहिलीच नव्हती. एवढीशी होती, बिस्किटाच्या डब्यासारखी. तिच्यासमोर एक कुटुंब उभं राहून पाटी वाचत होतं. बाईंची मान आपोआप लांब झाली.

"आई, बूट बघू नकोस त्यांचे," लेक म्हणाली.

"नाही गं. बापाच्या पायात कोरे..." बाईंनी जीभ चावली. "नाही बघत."

तेवढ्यात काठावरचा बाप खाली वाकला आणि आपल्या पोराला काहीतरी विचारू लागला. पोराने बदकांकडे बोट दाखवलं. सगळे तिकडे चालायला लागले. बाईंना हे बघून बरं वाटलं आणि थोडा रागही आला, कारण माझ्यावाचून अडत नाही हे कोणाला आवडतं?

तळ्याच्या मधोमध लेकीने पायडल मारणं थांबवलं. बाईंनीही थांबवलं. लेक बेटाकडे तोंड करून बसली होती. मग तिने आईच्या हातावर हात ठेवला. बाईंनी वळून पाहिलं तर तिच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंड मात्र हसरं होतं.

भिंगरी मागून पुढे वाकली. मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल. "आजी, आई रडतेय पण आणि हसतेय पण. इथे काय काढू? फुली की गोल?"

बावीस वर्षं बाईंना हेच तर येत होतं. कुठे कोण का रडतं, हे सांगायला त्यांना पळभरही लागत नसे. आताही उत्तर ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला काय विचारतेस? तिलाच विचार."

लेकीने नाक पुसलं. "आई, तू आधी पायडल मार, नाहीतर इथेच संध्याकाळ होईल. उद्या मी एकटीच परत चाललेय. पोचले की फोन करते, तेव्हा दोघींनी मिळून विचारा. सहा आठवडे आहेत तुमच्याकडे."

बाईंचा पाय पायडलवरून सटकला आणि होडीने पुन्हा जागच्या जागी एक गिरकी घेतली.